म्हातारीचं बसणं

एका उभ्या म्हातारीला खुर्चीत बसवायला माझ्या युनिटला तीन आठवडे लागले होते. म्हातारी कागदावरची, खुर्चीही कागदावरची. पडद्यावर त्या बसण्याला लागणारा वेळ म्हणजे आपण एकदा शिंकावं एवढा. तरी त्यापायी मी सख्ख्या आईवर गावासमोर ओरडलो, मुंबईच्या एका माणसाशी कायमचं वाकडं घेतलं आणि शहापूर तालुक्यातलं पहिलं आणि बहुधा शेवटचं कार्टूनचं युनिट बंद केलं. या अंकाच्या संपादकांना माझ्याकडून फ्लेक्सच्या धंद्यावर लेख हवा होता. फ्लेक्सवर लिहिण्यासारखं काही नसतं. ज्याचा वाढदिवस त्याचा फोटो मोठा, शुभेच्छा देणाऱ्यांचे लहान, इतकंच ते शास्त्र. त्या दुकानावर माझं पोट चालतं. लिहायचं असेल तर मी ज्या कामावर मेलो त्याबद्दलच लिहीन.

माझा बाप बैलांचा दलाल होता. मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेत बैलाचा भाव तोंडाने सांगत नाहीत. घेणारा आणि विकणारा रुमालाखाली हात घालतात आणि बोटं दाबून बोलतात. बाजूला उभ्या असलेल्याला दोन माणसं नुसती गप्प उभी दिसतात, पण आत जोराची मारामारी चाललेली असते. ती मारामारी मी लहानपणी बापाच्या तोंडाकडे बघून शिकलो. पुढे मुरबाडच्या बाजारात दुकानांच्या पाट्या रंगवल्या, तिथून अंधेरीला एका कार्टूनच्या स्टुडिओत लागलो, तिथे चित्र हलवायला शिकलो आणि एक दिवस मालकाशी भांडून परत आलो. येताना एक हिशेब डोक्यात पक्का होता. जे काम अंधेरीत होतं ते शहापुरातही होईल. कागद तोच, पेन्सिल तीच, आणि चित्र काढणारी पोरंपोरी आपल्याकडे प्रत्येक पाड्यावर आहेत. भिंती रंगवून त्यांचे हात तयारच असतात.

खताच्या दुकानावरची खोली घेतली. लाइट बॉक्स सुताराकडून बनवून घेतले. लाइट बॉक्स म्हणजे तिरकं टेबल. मधोमध दुधी काच, काचेखाली ट्यूबलाइट. काचेवर एक चित्र ठेवायचं, वर कोरा कागद ठेवायचा, खालची रेघ वरून दिसते. ती बघून पुढचं चित्र केसभर पुढे सरकवून काढायचं. अशी चित्रं एकामागून एक दाखवली की माणूस चालतो.

आमच्या कामाचं मर्म इतकंच आहे, आणि ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. समजा म्हातारी बसते आहे. ती उभी असतानाचं चित्र परदेशातला मोठा चित्रकार काढतो. ती बसलेली असतानाचंही तोच काढतो. ही झाली मुख्य चित्रं. मधली सगळी चित्रं, म्हणजे गुडघे वाकताना, हात खुर्ची शोधताना, पदर सावरताना, अशी आमच्यासारख्यांकडे येतात. मुख्य चित्रांना नाव असतं, पगार असतो, बक्षीस असतं. मधल्यांना यातलं काही नाही. पण माझं म्हणणं तेव्हाही होतं आणि आजही आहे, की मुख्य चित्रात म्हातारी एकदा उभी असते आणि एकदा बसलेली असते. ती बसते फक्त मधल्यांत.

दुपारी लाइट जायची. लाइट बॉक्स काळे पडायचे. मग सगळं युनिट उठून खिडक्यांच्या काचांना कागद लावून उभ्याने चित्रं काढायचं. खाली खत घ्यायला आलेले शेतकरी वर बघत राहायचे. एकाने मला विचारलं होतं, "शेठ, ह्या पोरी काचा पुसतात का दिवसभर?"

गिऱ्हाइकंही एकेक होती. मुरबाडच्या एका सराफाला केबलवर जाहिरात हवी होती. लक्ष्मी येते, हसते, हातातून नाणी पडतात. सगळं झाल्यावर तो म्हणाला, लक्ष्मीने डोळा मिचकावता कामा नये, लक्ष्मीचा डोळा मिटला की धंदा मिटला. मी समजावलं, पापणी हलली नाही तर चित्र मेल्यासारखं दिसतं. ऐकेना. मग दिली तशीच. महिनाभर लक्ष्मी तालुक्याकडे डोळे ताणून बघत होती. मुलं घाबरून चॅनेल बदलायची. सराफ मात्र खूश. म्हणाला, "आता कशी जागी दिसते."

असलं काम पोटाला. खरं काम यायचं मुंबईच्या दिनेशभाईकडून. दिनेशभाई म्हणजे मधला माणूस. परदेशातल्या कंपन्यांचं काम तो घ्यायचा आणि तुकडे करून आमच्यासारख्यांना वाटायचा. गोड बोलायचा. रुमालाखाली हात घातला असता तर त्याच्या बोटांना हाडं लागली नसती. एका पावसाळ्याच्या शेवटी त्याचा फोन आला, "भाऊसाहेब, मोठं काम आहे. अमेरिकेचा सणाचा स्पेशल आहे. अर्ध्या तासाचा. सणाला टीव्हीवर लागणार. चांगला निघाला की दरवर्षी लावतात, म्हातारे होईपर्यंत लावतात. एक सीन तुमच्याकडे देतो. पास झाला की पुढच्या वर्षीचा अख्खा स्पेशल शहापूरला."

हा सण आमच्या पोरांना समजावून सांगायला मला वेळ लागला नाही. कापणी झाल्यावर तिकडे घरची सगळी एकत्र येतात आणि पोटभर जेवतात. एक मोठा पक्षी भाजून मधोमध ठेवतात. मी सांगितलं, आपल्याकडे मळणी झाली की खळ्याला कोंबडा देतात आणि राबलेल्या सगळ्यांना जेवू घालतात ना, तेच. एवढ्यावर सगळ्यांना कळलं. फक्त पक्षी रंगवणाऱ्या अनंताला शंका होती.

"भाऊ, ह्याची मुंडी कुठं गेली?"

"देवाला दिली. तू रंगव."

गोष्ट अशी होती. एक म्हातारी दरवर्षी सणाला सगळ्यांसाठी रांधते. यंदा बर्फ पडून वाटा बंद होतात, घरचं कुणी पोहोचत नाही. रांधलेलं वाया कसं घालवायचं म्हणून ती रस्त्यात अडकलेल्या परक्या माणसांना घरात घेते. पूर्ण अर्धा तास ती उभी आहे. चुलीपाशी, दारापाशी, टेबलाभोवती. शेवटी घरचीही येतात, आणि सगळे मिळून तिला म्हणतात, आता तू बस. ती बसते. गोष्ट संपते. ते बसणं आमच्याकडे आलं होतं.

मी ते सुनंदाला दिलं. सुनंदा खर्डीजवळच्या एका पाड्यावरची. बाप गवंडी. तिच्या हाताइतकी सरळ आणि जिवंत रेघ मी अंधेरीतही पाहिली नव्हती. बापाने तिला एका अटीवर कामाला पाठवलं होतं, काम शहापुरात असेल तोवरच. मुंबईला जायचं नाही. स्थळं बघणं चालू होतं. म्हणजे युनिट टिकलं तर सुनंदाचा हात टिकणार, युनिट बुडालं तर ती पोरगी भाकऱ्या थापायला जाणार, हे मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. ते आम्ही बोलत नव्हतो एवढंच.

पहिल्यांदा काढलेला सीन पाठवला. चार दिवसांनी परत आला. तिकडच्या दिग्दर्शकाने लिहिलं होतं, म्हातारी बसल्यासारखी वाटत नाही. कोणत्याही क्षणी उठून जाईल असं वाटतं.

मी चित्रं बोटांत धरून फडफडवली. आमच्यात चित्रं तपासायची तीच रीत. खरंच होतं. म्हातारी अर्धी वाकायची, थांबायची, कुणाच्या तरी ताटाकडे बघायची, मग खुर्चीच्या पुढच्या कडेवर टेकायची. हात टेबलावर, जणू आत्ता भात आणायला जायचंय.

"हे काय काढलंस? खुर्चीत बसायला काय लागतं गो? रोज बसतेस ना इथं?"

"मी बसते भाऊ. ती नाय बसत."

"का नाही बसत?"

"सगळी जेवतात ना तवा." सुनंदा कागद सरळ करत म्हणाली. "घरची सगळी जेवायला बसलीत आणि तिथंच म्हातारी बसलीय, असं मी बघितलंच नाय कधी. तुमी बघितलंय?"

मी म्हणालो, "बघायची काय गरज? कागदावर लिहिलंय, बस म्हणून. बसव." पण मी चिडलो की माझ्या डोक्यात एक बाजू भांडत असते आणि दुसरी बाजू हिशेब करत असते. हिशेबाच्या बाजूला कळलं होतं, की पोरगी बरोबर बोलतेय. बघितलं नसेल तर दाखवायला पाहिजे.

आमच्या गावी, मुरबाडच्या पलीकडे, त्याच आठवड्यात मळणी संपत होती. खळ्याचं जेवण होतं. मी लग्नाची शूटिंग करणाऱ्याकडून कॅमेरा आणला, युनिटमधलं टेबल आणि खुर्च्या टेंपोत टाकल्या, सुनंदा आणि अनंताला घेतलं आणि गावी गेलो. खळ्याच्या मधोमध, पेंढ्याशेजारी टेबल मांडलं. गाव जमलं. माझे चुलते नामूकाका, ज्यांनी माझं एकही काम आजवर चांगलं म्हटलं नव्हतं, ते टेबलाभोवती एक फेरी मारून आले.

"काय रे, वहिनीचं लगीन लावतंस का?"

"शूटिंग हाय काका. अमेरिकेचं."

"अमेरिकेत काय खळ्यावर टेबल मांडतात?"

"मांडतात."

"मग पिकत नसंल तिकडं."

आईला मी सांगितलं, सगळ्यांना वाढ, आणि वाढून झालं की या खुर्चीत बसून आमच्याबरोबर जेव. बस्स. एवढंच. आईने नवीन भात रांधला होता, कोंबड्याचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या. सगळे टेबलापाशी बसले. अनंताने कॅमेरा चालू केला. आई वाढू लागली.

"आय, बस आता."

"बसते रे. ह्याच्या पानात भात नाय."

"तो घेईल. तू बस."

"कसा घेल? हात खरकटा हाय त्याचा."

तिने भात वाढला. मग कुणाला तरी रस्सा. मग पाणी. मग खुर्चीपाशी आली, खुर्चीच्या पाठीला हात लावला, आणि नामूकाकांनी मुद्दामच म्हटलं, "वहिनी, मीठ." आई वळली. सगळे हसले. आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. म्हणाली, "तुमी जेवा रे. मी बघत्ये तुमच्याकडं. त्येच माझं जेवण."

टेप संपत आली होती. कॅमेरा संध्याकाळी परत द्यायचा होता. टेंपो उभा होता. मी उठलो आणि ओरडलो, "आय, बस म्हणतो ना! खाली बस!"

खळ्यावर कुणी हसेना. आई बसली. हातात पळी तशीच. भाकरी मोडली, तोंडात घातली, चावली. सगळ्यांनी बघितलं की ती चावते आहे. मी अनंताला म्हणालो, "घेतलंस ना?" तो म्हणाला, "घेतलं, भाऊ."

सुनंदाने टेप पुन:पुन्हा बघून सीन काढला. अचूक काढला. पाठवला. तीन दिवसांनी उत्तर आलं. आता बसते, पण घाबरून बसते. ही आपल्याच माणसांना का भिते?

ते वाचून माझं टाळकं सरकलं. भिते? माझी आई? जिने बाप गेल्यावर एकटीने शेत राखलं, रानडुकरांमागे मशाल घेऊन धावली, ती भिते? मी दिनेशभाईला फोन लावला आणि अर्धा तास बोललो. तो शांत होता.

"भाऊसाहेब, तुमची आई कशी आहे ते मी म्हणत नाही. कार्टूनची म्हातारी भिते असं ते म्हणतात. सोमवारपर्यंत नीट करून द्या. नाहीतर सीन काढून घेतात. पुढच्या वर्षीचंही मग विसरा."

मी पोरांना सांगितलं. बारा माणसं होती युनिटमध्ये. सुनंदा आपल्या टेबलापाशी बसून पेन्सिलला टोक करत होती. टोक झालं तरी करत होती.

"भाऊ, मला म्हायतीय ती कशी बसते."

"कोण?"

"तुमची आय."

"बघितलंच आहे सगळ्यांनी. टेपवर आहे."

"टेपवर हाय ते खोटं हाय." तिने पेन्सिल खाली ठेवली. "आपण निघालो ना गावावरनं, तवा माझी ओढणी राहिली होती घरात. मी आणायला गेले. तुमी टेंपोत टेबल चढवत होतात. आय चुलीपाशी होती. एकटी. तवा बसली ती."

"कशी?"

"सांगता नाय येत. काढते."

"टेप नाही, काही नाही, एकदा बघितलेलं तू आठवून काढणार? आणि परत आलं तर?"

"तुमी भाव करताय का माझ्यासंगं?" ती पहिल्यांदा आवाज चढवून बोलली. "मग ऐका. एक दिवस द्या. नाय जमलं तर मी उद्यापासून येत नाय. तसंपण बंदच हुयाचंय."

मी बापाचा मुलगा आहे. समोरच्याच्या तोंडावरून मला कळतं तो कुठपर्यंत जाईल. मी एक दिवस दिला.

त्या दुपारी लाइट गेली ती संध्याकाळपर्यंत आली नाही. सुनंदा खिडकीच्या काचेला कागद लावून उभी होती. सगळे जेवून आले, ती उभीच. ऊन सरकेल तशी एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीला जायची. म्हातारीचं बसणं तिने उभ्याने काढलं. शेवटचा कागद दिला तेव्हा काच तांबूस झाली होती.

मी चित्रं बोटांत धरली आणि फडफडवली.

म्हातारी टेबलावर पक्षी ठेवते. सगळ्यांकडे एकदा बघते, आणि मग तिची नजर कुणाच्याही ताटावर राहत नाही. डावा हात मागे जातो. खुर्ची बघत नाही, हाताला ती कुठे आहे ते माहीत आहे. उजवा हात गुडघ्यावर. गुडघा दाबत, वजन हळूहळू खाली. टेकल्यावर एक क्षण काहीच हलत नाही. मग खांदे उतरतात. आधी डावा, मग उजवा. आणि मग श्वास, म्हणजे छाती नाही, पोट. पोट सैल होतं. पाय टेबलाखाली सरळ लांब होतात. त्यानंतर तिचा चेहरा. तिथे सुनंदाने काहीच केलं नव्हतं. रेघसुद्धा बदलली नव्हती. आणि तरी तो चेहरा आता वेगळा होता.

मी आईला असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. आमची जेवणं झाली की मी बाहेर असायचो. पण मी ओळखलं. कागदावर अमेरिकेची म्हातारी होती, नाकावर चष्मा, केसांचा गोळा, आणि बसत होती आमच्या चुलीपाशी.

सीन पास झाला. दिग्दर्शकाने लिहिलं, याला हात लावू नका. आणि विचारलं, हे कुणी काढलं? दिनेशभाईने परस्पर उत्तर दिलं, आमच्या टीमने. हे मला फार उशिरा, त्याच्याच ऑफिसातल्या एका माणसाकडून कळलं. सुनंदाचं नाव त्याच्या तोंडात आलं असतं तर त्याच्या तोंडाला काय होणार होतं? मी करारात प्रत्येक गोष्टीसाठी भांडून घेतलं होतं, कागद कोण देणार, टेंपो कोण देणार, लाइट गेली तर काय. नावावर बोलायची या धंद्यात पद्धतच नव्हती. तो फायदा त्याने घेतला. त्याच्याशी माझं वाकडं आहे ते या एका गोष्टीवरून. लोक म्हणतात कामावरून आहे. नाही.

पुढच्या वर्षीचा स्पेशल आला नाही. शहापूरला नाही, मुंबईलाही नाही. तिकडे कॉम्प्युटरवर एकदाच म्हातारी बनवतात आणि मग ती हवी तशी बसते-उठते. मधली चित्रं यंत्र काढतं. युनिट वर्षभर रेटलं. सराफ, खतं, शाळेचे तक्ते. मग लाइट बॉक्सच्या काचा काढून टाकल्या. अनंता आता माझ्याच दुकानात फ्लेक्स छापतो. सुनंदाला मी मुंबईत एका ठिकाणी लावत होतो. स्वत: तिच्या बापाकडे गेलो, पायरीवर बसून तासभर बोललो. माझी सगळी कला पणाला लावली. बाप म्हणाला, "शेठ, शब्द शहापूरचा होता." माझ्याच धंद्याचा नियम, शब्द म्हणजे शब्द. तिचं लग्न मुरबाडकडच्या एका घरात झालं. त्यानंतर दोन पावसाळ्यांनी आई गेली.

तो स्पेशल मी कधी पाहिला नव्हता. आपल्याकडे लागत नाही. वर्षानुवर्षं मोबाईलवर शोधत होतो. नाव माहीत, पण मिळायचा नाही. मागच्या हिवाळ्यात मिळाला. दुकानात बसून चालू केला. बर्फ पडताना दिसला, म्हातारी चुलीपाशी दिसली, आणि मी बंद केला. हा एकट्याने बघायचा नाही. उतरवून घेतला आणि मोटारसायकल काढली. सुनंदाच्या घरी फोन केला होता. तिचा नवरा म्हणाला, "या भाऊ, खळ्याचं जेवण आहे, जेवूनच जा."

ओटीवर पंगत बसली होती. तिचा नवरा, सासू-सासरे, राबायला आलेली माणसं. सुनंदा वाढत होती. हात भरले होते, केसांत पांढरं दिसत होतं. म्हणाली, "काय भाऊ, वजन वाढवलंत. फ्लेक्सवर बसत नाय आता तुमी." जेवणं होत आली तेव्हा मी मोबाईल तांब्याला टेकवून ठेवला. म्हटलं, बघा, ही हिच्या हातची म्हातारी. सगळे सरकून बसले. सुनंदा माझ्यामागे उभी राहिली, हातात भाताचं पातेलं.

घरच्यांची गाडी बर्फातून आली. दार उघडलं. सगळे म्हणाले, आता तू बस. म्हातारीने पक्षी टेबलावर ठेवला. मग मेणबत्तीची ज्योत दिसली. मग सगळे हसताना दिसले. म्हातारी बसलेली होती.

मी मागे नेलं. पक्षी, ज्योत, बसलेली. पुन्हा मागे नेलं. पक्षी, ज्योत, बसलेली.

उठलो, हात न धुताच अंगणात आलो. तिथे रेंज होती. इतक्या वर्षांनी दिनेशभाईला फोन लावला. त्याने ओळखलं.

"अरे भाऊसाहेब, जुना माल आहे. जाहिराती वाढतात, टाईम कमी होतो. कापला असणार. सगळ्यांचं कापतात."

"बसायचंच का कापलं?"

"मग काय म्हातारीला उभी ठेवायची? बसलेली आहे ना ती?"

मी त्याला जे बोललो ते संपादक छापणार नाहीत. आत आलो. माणसं हात धुऊन पांगली होती. सुनंदा ताटं गोळा करत होती.

"कापलंय," मी म्हणालो. "सगळं मधलं कापलंय. एक चित्र ठेवलं नाही."

"बघितलं मी."

"तुला काहीच वाटत नाही?"

"बसलेली दिसते ना भाऊ शेवटी? मग झालं. कशी बसली ते कोण बघतं?" तिने ताटं एकात एक घातली. "तुमी चिडू नका. बीपी हाय ना तुमाला? भाताचा डबा देऊ का घरी न्यायला?"

डबा घेतला. निघालो. वाट उतरून मोटारसायकलपाशी आलो तेव्हा लक्षात आलं, हेल्मेट आत राहिलंय. परत वळलो. मागच्या बाजूने गेलो, कारण घर तिथून जवळ. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. सुनंदाने आपलं पान वाढून घेतलं होतं. चुलीपाशी उभी होती. तिने एकदा ओटीकडे बघितलं, तिकडे कुणी नव्हतं. मग तिचा डावा हात मागे गेला. पाट कुठे आहे ते तिने बघितलं नाही. उजवा हात गुडघ्यावर. वजन हळूहळू खाली. टेकली. एक क्षण काहीच हललं नाही. मग डावा खांदा उतरला, मग उजवा. मग पाय लांब झाले.

एकही चित्र गाळलेलं नव्हतं.

मी दारापासून चार पावलांवर होतो. हेल्मेट तिच्यामागच्या खुंटीला दिसत होतं. हाक मारली असती तर ती उठली असती.

हेल्मेट अजून तिच्याकडेच आहे.